पुराच्या भिंतीचं मोजमाप

आमच्या गावात कृष्णेच्या घाटाकडं उतरणाऱ्या रस्त्याला उजव्या हाताला नगरपरिषदेच्या जुन्या पंपगृहाची कुंपणभिंत आहे. लांबी १४० फूट, उंची ७ फूट. रस्ता उताराचा, त्यामुळं भिंतही टप्प्याटप्प्यानं खाली उतरते. ऑगस्ट २०१९ चा पूर ओसरला तेव्हा या भिंतीवर एक मळकट, तपकिरी रेघ राहिली. पाणी सपाट उभं राहतं आणि भिंत उतरते. म्हणून वरच्या टोकाला ती रेघ पायाशी होती, मधे कमरेएवढी, आणि घाटाकडच्या टोकाला भिंतच पाण्याखाली गेली होती, तिथं रेघच नाही. जुलै २०२१ ला पुन्हा पूर आला आणि पहिल्या रेघेच्या खाली दुसरी उमटली. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्या दोन रेघांकडं बघून काहीतरी बोलायचा. "आमचं दार इथपर्यंत बुडालं हुतं," एवढं तरी बोलायचाच.

मी कोल्हापुरात शिकले, आधी एटीडी म्हणजे कलाशिक्षक पदविका आणि मग जी. डी. आर्ट ही शासकीय कला पदविका. गावात परत येऊन शिकवण्या घेते, लग्नाचे रुखवत सजवते, शाळांच्या भिंती रंगवते. ही भिंत रंगवायची हे माझ्या डोक्यात २०१९ पासूनच होतं. पण भिंत नगरपरिषदेची. परवानगी तिची, आणि पैसेही तिनंच द्यायला हवेत असं माझं ठाम मत होतं. फुकट रंगवायला मिळत होती, तसं एकानं सुचवलंही: "रंग आम्ही देतो, तुम्ही हौस म्हणून करा." मी नको म्हटलं. गटार बांधणाऱ्याला कुणी हौस म्हणून बांध असं सांगत नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये मी अर्ज केला. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, दोन पानी, सोबत पुराचं रंगीत कच्चं चित्र. आवक-जावकला दिला, पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. ही प्रत मी आजही जपून ठेवली आहे. पुढच्या वर्षभरात मला कुठल्याही टेबलावर बसता आलं ते त्या क्रमांकाच्या जोरावर. नुसतं "साहेबांशी बोलणं झालंय" म्हणणाऱ्याचा कागद कुठंच पुढं सरकत नाही, हे मी तिथं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

त्या वेळी सभागृह नव्हतं. नगरसेवकांची मुदत संपलेली, निवडणुका लांबलेल्या, कारभार प्रशासकांकडं. एरवी असा विषय एखाद्या नगरसेवकानं सभेत मांडला असता, त्याचा ठराव झाला असता. आता सगळं टिपणीवर चालायचं. म्हणजे एखाद्या लिपिकानं टिपणी लिहायची, ती विभागप्रमुखांकडं, तिथून लेखा विभागाकडं आणि शेवटी साहेबांच्या सहीला. माझा अर्ज आरोग्य विभागात गेला, कारण भिंत रंगवणं म्हणजे स्वच्छ सर्वेक्षण अशी समजूत. दीड महिन्यानं निरोप आला की भिंतीवर ओला कचरा-सुका कचरा आणि घोषणा लिहायच्या आहेत, चौरस फुटाला किती घेणार ते दरपत्रक द्या.

मी पुराच्या चित्राचं दरपत्रक दिलं, ६० रुपये चौरस फूट. बाकी दोन दरपत्रकं फलक रंगवणाऱ्यांची होती, २० आणि १८ रुपयांची. सर्वांत कमी दर तो पात्र. काम १८ वाल्याला गेलं.

त्याबद्दल माझ्या मनात त्या माणसाविषयी काहीही नाही. उलट तोच एका संध्याकाळी घरी आला. म्हणाला, "ताई, मला अक्षरं द्या, हजार फूट अक्षरं काढतो. तुमच्या चित्रातली ती म्हैस मला १८ रुपयांत निघायची न्हाई. अन् निघाली तरी लोकं हसतील." त्यानं लेखी कळवलं की आपला दर घोषणालेखनाचा आहे, चित्राचा नाही. त्यानं बसस्थानकाजवळच्या भिंती घेतल्या आणि घाटाची भिंत मोकळी राहिली. एवढा सरळपणा दाखवायची त्याला काहीच गरज नव्हती.

पण मला त्यातून एक गोष्ट लख्ख दिसली. अडचण दराची नव्हती, कामाच्या नावाची होती. कागदावर 'भिंत रंगविणे' लिहिलं की रंगाऱ्याशी तुलना होणार आणि रंगाऱ्याशी तुलना झाली की मी महागच ठरणार. नाव बदलल्याशिवाय काही होणार नव्हतं.

ते बदलण्यात मला मोठी मदत झाली ती नगरपरिषदेच्या शहर समन्वयक बाईंची. स्वच्छ भारत अभियानासाठी प्रत्येक नगरपरिषदेत असं एक पद असतं, बहुतेक कंत्राटी. त्यांचं वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. त्यांनी माझं कच्चं चित्र टेबलावर पसरलं, पाच मिनिटं बघितलं आणि विचारलं, "मॅडम, हे स्वच्छतेत का घालताय? हे पाणी आहे. माझी वसुंधरामध्ये जल आहे ना." माझी वसुंधरा अभियान २ ऑक्टोबर २०२० पासून राज्यात सुरू आहे, भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश अशा पाच तत्त्वांवर नगरपरिषदांना गुण मिळतात. नदीकाठच्या गावानं पुराची आठवण जपणं हे जल या तत्त्वात अगदी चपखल बसत होतं. मला हे सुचलं नसतं. मी कलेच्या बाजूनं बोलत होते, समन्वयक बाई कार्यालयाला कळणाऱ्या भाषेत बोलत होत्या.

दुसरा अर्ज आम्ही तसा लिहिला. त्यात मी माझा एक मुद्दा घातला. ७४ व्या घटनादुरुस्तीनं राज्यघटनेत बारावी अनुसूची आली, त्यात नगरपालिकांकडं सोपवायचे १८ विषय आहेत. पाणीपुरवठा, रस्ते, अग्निशमन हे सगळ्यांना माहीत असतात. तेरावा विषय सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींच्या संवर्धनाचा आहे. मी अर्जात लिहिलं की हे काम मी मेहेरबानी म्हणून मागत नाही, नगरपरिषदेच्या यादीतलंच आहे. साहेबांनी त्या ओळीखाली हिरव्या शाईनं रेघ मारली आणि बांधकाम विभागाला शेरा दिला: अंदाजपत्रक सादर करावे.

इथून खरी कसोटी. बांधकामातल्या कनिष्ठ अभियंत्यांपुढं दरसूची होती. नगरपरिषदेची कामं शासकीय दरसूचीवरून काढली जातात. मुरूम, खडी, गिलावा, प्रायमर, इमल्शनचे दोन हात, सगळ्याचा दर चौरस मीटरला किंवा घनमीटरला ठरलेला. त्यांनी पानं उलटली आणि म्हणाले, "ह्यात चित्र नाही. इमल्शनचा दर लावू का?" इमल्शनचा दर लावला असता तर माझी म्हैस आणि तिच्या मागचं आभाळ एकाच भावात गेलं असतं, आणि तो भाव रंगाच्या डब्यापुरताच होता.

दरसूचीत एखादी बाब नसेल तर दरपृथक्करण करता येतं. हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला आणि तो प्रत्येक चित्रकारानं पाठ करून ठेवावा असा आहे. साहित्य किती लागेल, मजुरी किती दिवस, परांचीचं भाडं, वाहतूक, हे सगळं सुटं सुटं मांडून त्यावरून दर काढायचा. आम्ही दोघं सलग दोन दुपारी बसलो. लोणा, म्हणजे ओलीनं वर येणारा क्षार, लागलेली भिंत खरवडायला किती माणसं, किती दिवस. पुट्टी किती किलो. प्रायमर किती लिटर. बाहेरच्या भिंतीचं इमल्शन, स्टेनर, ब्रश. मग मजुरीचा रकाना आला. त्यात अकुशल, अर्धकुशल, कुशल असे प्रकार. त्यांनी मला कुशलमध्ये धरलं. मी विचारलं, "आणि चित्र सुचायला लागलेले दिवस?" ते थांबले. असा रकाना नव्हता. मी त्यांना माझी वही दाखवली. घाटावरच्या लोकांशी बोलून काढलेली एकतीस पानांची रेखाटनं होती तीत. त्यांनी ती शेवटपर्यंत उलटून पाहिली. मग म्हणाले, "इमारतीला नकाशाचं शुल्क असतं. तसंच हे," आणि लिहिलं: संकल्पचित्र तयार करणे, एकूण रकमेच्या अमुक टक्के. मला त्या क्षणी जे वाटलं ते शब्दांत सांगणं अवघड आहे. पंधरा वर्षं भिंती रंगवतेय, आणि माझ्या डोक्यातल्या कामाला सरकारी कागदावर पहिल्यांदा स्वतःची ओळ मिळाली होती.

सगळं धरून दर आला ६० च्या आसपास. १४० गुणिले ७, म्हणजे ९८० चौरस फूट, ५८ हजार ८०० रुपये. ही रक्कम ई-निविदेच्या मर्यादेच्या खाली होती म्हणून पुन्हा दरपत्रकांवर काम निघालं, पण या वेळी कामाचं वर्णन वेगळं होतं: 'घाट रस्त्यावरील कुंपणभिंतीवर कलाकाराच्या मूळ संकल्पनेनुसार पूरस्मृती भित्तिचित्र साकारणे, संकल्पचित्राच्या मंजुरीसह', आणि पात्रतेत कला पदविका. तीन चित्रकारांनी दरपत्रकं दिली, तिघांनीही चित्रं जोडली. बाकी दोघांचे दर ७५ आणि ९० होते. मी सर्वांत कमी ठरले. खरं सांगायचं तर ७५ चा दरही रास्त होता.

कागदपत्रांत फार वेळ घालवत नाही. पॅन लागतं, ते नसेल तर १ टक्क्याऐवजी २० टक्के आयकर कापला जातो. जीएसटी नोंदणी माझी नाही, सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असली तर ती सक्तीची नसते, तसं स्वघोषणापत्र दिलं. मुद्रांकावर करारनामा, अनामत, आणि शेवटी कार्यादेश. कार्यादेश हातात पडेपर्यंत मी भिंतीला बोट लावलं नाही. "सुरू करा, कागद मागून निघेल" असं मला दोनदा सांगण्यात आलं. माझ्या एका वर्गमित्राचे असेच सुरू केलेल्या कामाचे पैसे चार वर्षं अडकले आहेत. त्या गावात आता त्याच्या चित्रावर दुसरा रंग बसलाय.

१६ जानेवारी २०२३ ला सकाळी साडेसहाला भिंत खरवडायला घेतली. माझ्याबरोबर दोन माजी विद्यार्थिनी, दोघी एटीडीच्या दुसऱ्या वर्षाला. पूरग्रस्त भिंतीचा लोणा फार चिवट. वरून कोरडी दिसते, पट्टी लावली की आतून पिठासारखं पांढरं गळतं. आठ दिवस फक्त खरवडणं, धुणं आणि वाळवणं. मधल्या एका पट्ट्यापाशी मात्र मी थांबले. तिथं २०१९ आणि २०२१ च्या दोन्ही रेघा अगदी स्वच्छ दिसत होत्या. वरची जाड, गाळाची, तिच्यात अडकलेल्या उसाच्या पाचटाचा बारीक धागासुद्धा. खालची फिकट. ९ फूट लांबीचा तो पट्टा आम्ही खरवडलाच नाही. मऊ ब्रशनं धूळ झाडली आणि त्यावर पारदर्शक लेपाचे दोन हात दिले. माझ्या संकल्पचित्रातही ती जागा मोकळी होती. माझं सगळं चित्र त्या दोन रेघांना दोन्हीकडून येऊन मिळणार होतं.

मग सुताला गेरू लावून रेघा मारल्या, चौकटी पाडल्या. २००५ ची पातळी भिंतीवर राहिली नव्हती, ती घाटावरच्या देवळाच्या खांबावर कोरलेल्या खुणेवरून पाण्याच्या नळीनं आणली. गवंडी वापरतात तीच पारदर्शक नळी, दोन्ही टोकांना पाणी सारख्या पातळीला येतं. तीन वर्षांच्या तीन रेघा भिंतभर सरळ ओढल्या: सगळ्यांत खाली २००५, त्यावर २०२१, वर २०१९. त्या रेघांच्या वर-खाली गाव.

चित्र काढायला लागले आणि गाव भिंतीपाशी जमायला लागलं. पहिल्याच आठवड्यात एक आक्का काठी टेकत उभ्या राहिल्या.

"काय काडतीयास गं?"

"पूर आक्का. ही नाव, माणसं बाहेर काढतायत."

"नाव कुटली? आमच्या गल्लीत नाव आलीच न्हाई. गुऱ्हाळातली काईल आणली हुती. माज्या सुनंला बाळतीण असताना काईलीत बसवून न्हेली."

मी नाव पुसली. गूळ पाडायची ती भली मोठी काईल काढली, तिच्यात अंगाभोवती शाल गुंडाळलेली बाई, आणि काईल धरून छातीएवढ्या पाण्यातून चालणारे चौघे. आक्का दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या आणि काईलीच्या कड्यांची जागा सांगून गेल्या. एका शेतकऱ्यानं सांगितलं की म्हशी दावणीला दाखवू नका, आम्ही पहिल्यांदा दावी कापली, त्या पोहत मळ्याकडं गेल्या. एका पोरानं विचारलं, "मॅडम, मोबाइल का नाही काढला? सगळे आयर्विनची पातळी बघत होते." खरंच होतं. सांगलीचा आयर्विन पूल आमच्यापासून लांब, पण पुराच्या दिवसांत गावातल्या प्रत्येक ओट्यावर एकच प्रश्न असतो, आयर्विनला किती फूट झालं. ४० झालं की इशारा, ४५ ला धोका. मी ओट्यावर बसलेला एक म्हातारा आणि त्याला मोबाइलमधला आकडा वाचून दाखवणारी नात काढली. आज त्या जागेपाशी सगळ्यांत जास्त लोक थांबतात.

ब्रह्मनाळची बोट काढा, असं एकजण म्हणाला. ८ ऑगस्ट २०१९ ला पूरग्रस्तांना घेऊन निघालेली ती बोट उलटली, माणसं बुडाली, तेव्हा आपल्या सगळ्या पट्ट्यात त्या रात्री चूल पेटली नव्हती. मी दोन रात्री विचार केला. शेवटी काढली नाही. चित्राच्या खालच्या टोकाला, घाटाच्या बाजूला, सहा फूट लांबीचं नुसतं पाणी ठेवलं. त्यात माणूस नाही, झाड नाही, काही नाही. त्याबद्दल कुणी मला विचारलं नाही. पण भिंतीचं काम संपलं त्या दिवशी तिथं कुणीतरी झेंडूची दोन फुलं ठेवली होती.

१९ फेब्रुवारीला, शिवजयंतीला, चित्र पुरं झालं. आणि त्यानंतर आठवड्यानं मोजमाप.

मोजमाप पुस्तक म्हणजे एम. बी. त्यात लांबी, रुंदी, उंची आणि क्षेत्रफळ भरल्याशिवाय देयक निघत नाही. आमचे नेहमीचे अभियंता त्या दिवशी रजेवर होते, दुसरे आले. फितीचं एक टोक मी धरलं, दुसरं शिपायानं. मोजत मोजत ते त्या नऊ फुटांच्या पट्ट्यापाशी आले आणि थांबले.

"इथं रंग नाही दिलेला."

"तिथं मुद्दाम दिला नाही साहेब. त्या खऱ्या रेघा आहेत."

"हो, पण रंगच नाही तर वजा करावं लागेल. ९ गुणिले ७, ६३ चौरस फूट."

६३ चौरस फूट म्हणजे ३ हजार ७८० रुपये. पैशाचंही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त हे लागलं की सगळ्या भिंतीत ज्या जागेसाठी मी सर्वांत जास्त विचार केला होता ती कागदावर 'काम न केलेली जागा' म्हणून जाणार होती. मी वाद घातला नाही. संकल्पचित्राची मंजूर प्रत पिशवीत होती, साहेबांच्या सहीची, ती उघडून दाखवली. त्यात ती जागा आखलेली होती आणि खाली लिहिलं होतं: 'मूळ पूररेषा जतन करणे, संरक्षक लेपासह'. ते त्यांनी दोनदा वाचलं. मग भिंतीजवळ जाऊन त्या पाचटाच्या धाग्यावर बोट ठेवलं. "हे खरंच त्या वेळचं आहे?" म्हणाले. त्यांचं गाव शिरोळ तालुक्यातलं, म्हणजे पुराच्याच पट्ट्यातलं. पुढं काही न बोलता त्यांनी पुस्तकात १४० लिहिलं, आणि शेऱ्याच्या रकान्यात 'पैकी ९ फूट संरक्षक लेप'.

सहीचा प्रश्न त्याच दिवशी निघाला. खालच्या कोपऱ्यात मी माझं आणि दोघी मुलींचं नाव आणि साल लिहिलं होतं. शासकीय भिंतीवर खासगी नाव नको, असा आक्षेप आला. वकिली करणाऱ्या माझ्या मैत्रिणीनं मला कॉपीराइट कायद्यातलं ५७ वं कलम दाखवलं. कलाकृती विकली, पैसे घेतले, तरी ती आपली आहे असं सांगण्याचा आणि तिची मोडतोड झाली तर दाद मागण्याचा कलाकाराचा हक्क शाबूत राहतो. अमरनाथ सहगल या शिल्पकारांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं गेलं. त्यांनी भांडण दिलं आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं शिल्पाचे अवशेष त्यांना परत करायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. मी हे सगळं एका पानात, नम्र शब्दांत लिहून दिलं आणि विनंती केली की भिंत कधी पाडायची किंवा पुन्हा रंगवायची झाली तर मला आधी कळवावं. नाव राहिलं. कळवण्याबद्दलचं पत्र फाइलला लागलं, त्याला उत्तर आलेलं नाही.

पैशाला सात महिने लागले. मार्चअखेर होऊन गेला, निधी कुठल्या शीर्षाखाली खर्ची टाकायचा यावर देयक दोनदा लेखा विभागातून परत आलं. एकदा शेरा होता, 'कलाकृती ही बाब अंदाजपत्रकात स्वतंत्र नाही.' त्या सात महिन्यांत दोघी मुलींचे पैसे मी माझ्या शिकवणीच्या फीमधून दिले, कारण त्यांच्या घरची परिस्थिती मला माहीत होती. दर सोमवारी मी जायचे. समन्वयक बाईंची तोवर दुसरीकडं बदली झाली होती, तरी त्या फोनवरून लेखापालांना आठवण करायच्या. सप्टेंबरमध्ये खात्यावर ५५ हजार २७२ रुपये जमा झाले. १ टक्का आयकर ५८८ आणि ५ टक्के अनामत २ हजार ९४० वजा जाऊन. ही दिरंगाई कुणी एकानं मुद्दाम केली असं मला वाटत नाही. पण ज्या माणसाकडं दुसरं उत्पन्न नाही, त्यानं असं काम अंगावर घ्यावं तरी कसं? नगरपरिषदेनं चित्रकाराला तीस टक्के आगाऊ दिले, तर गावातली कितीतरी हुशार पोरं फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करत बसायची नाहीत.

देयकाच्या मागे फिरताना मी नगरपरिषदेचा अर्थसंकल्पही वाचून काढला. दिव्यांगांसाठी ५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी ५ टक्के, असे राखीव टक्के आहेत आणि ते असायलाच हवेत. कलेसाठी असा टक्का नाही. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरानं १९५९ पासून सार्वजनिक बांधकामाच्या खर्चातला १ टक्का कलेसाठी ठेवायचा नियम केला. आपल्याकडं घाटाचं सुशोभीकरण म्हटलं की फरशी, दिवे, कठडा आणि कमान. त्यातला १ टक्का जरी चित्रकाराला, शिल्पकाराला, घाटावर भजन म्हणणाऱ्यांच्या एका ओट्याला मिळाला तरी गावाचं रूप पालटेल असं मला मनापासून वाटतं. पुतळ्यांच्या बाबतीत आपल्या राज्यानं निदान एक चांगली शिस्त घातली आहे. २ मे २०१७ च्या शासन निर्णयानुसार पुतळा उभारण्याआधी त्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. म्हणजे कुणीतरी कलेच्या नजरेनं बघतं. भित्तिचित्रांना अशी नजर नाही, आणि मग गावोगावी त्याच त्या इंटरनेटवरून उतरवलेल्या हिरव्या पृथ्वीच्या गोळ्याला दोन हात फुटलेले दिसतात.

नगरपालिकांनी कलेसाठी काय करावं हे आपल्या पट्ट्याला नवं नाही. कोल्हापूरला शिकत असताना मी केशवराव भोसले नाट्यगृहात कितीतरी संध्याकाळी घालवल्या. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ सालचं, आता महापालिकेच्या ताब्यातलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं तेव्हा रस्त्यावर उभे राहून मोठमोठी माणसं रडत होती. भाड्यानं मिळणाऱ्या सभागृहासाठी कुणी असं रडत नाही. तिथं नटांना, वादकांना, पडदे रंगवणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या हक्काची जागा मिळाली होती. आमच्यासारख्या 'क' वर्ग नगरपरिषदेला नाट्यगृह झेपणार नाही. भिंती मात्र तिच्याकडं भरपूर आहेत.

भिंतीला वर्ष झालं आणि एका सकाळी काईलीवर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा कागद डकवलेला दिसला. बाईच्या चेहऱ्यावरच. मी तक्रार लिहायला घेतली, मालमत्ता विद्रूपणाचा १९९५ चा कायदा शोधून ठेवला. दुपारी गेले तर कागद निघालेला. त्या गल्लीतल्या पोरांनी ओल्या फडक्यानं, चित्राला धक्का न लावता काढला होता. आक्कांनी काढायला लावला असं नंतर कळलं.

अनामत परत मिळायची तर दोषदायित्वाचा काळ, म्हणजे कामात निघालेले दोष आपण दुरुस्त करून द्यायची मुदत, संपल्यावर पाहणी होते. तीही झाली. आमचे पहिले अभियंता आले होते. घाटाकडच्या टोकाला, त्या मोकळ्या पाण्याच्या खालच्या बाजूला, हातभर जागेत लोणा पुन्हा वर आला होता आणि निळा रंग पापुद्र्यासारखा सुटत होता. ते म्हणाले, "एवढं दुरुस्त करा, मग लगेच शिफारस करतो." त्यांचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी, प्रायमरचा डबा आणि निळ्याचा उरलेला स्टेनर घेऊन गेले. खरवडत असताना आक्का येऊन शेजारच्या दगडावर बसल्या.

"पुसतीयास व्हय?"

"नाही आक्का. ओल आलीय, ती काढून परत रंगवायचंय."

"मग ऱ्हाऊ दे. दोन दिस वाळू दे आधी. मी बगते कोन हात लावतंय का."

दोन दिवस भिंत वाळली. तिसऱ्या दिवशी मी रंग दिला.